कवाडावरचा शिपाई

गोठ्याच्या कवाडावर दाव्यांनी बांधलेला माणूस गुंजवणीच्या मधल्या धारेला लागला होता, कवाडाचं दावं धरलेले माझे मालक पाण्याखाली गेले होते, आणि कवाडावरचा माणूस आभाळाकडे तोंड करून ओरडत होता, "वैनी, काय बी करा, पर मला हुबं ऱ्हायला लावू नका!" अंगाला काही झालेलं नसताना, हातपाय धड असताना, आपल्या मर्जीने आडवा पडून चौघांच्या खांद्यावरून पोलीसभरतीला निघालेला माणूस वेल्ह्यापासून भोरपर्यंतच्या मुलखात त्याआधी कुणी पाहिला नव्हता आणि पुढेही कुणी पाहील असं मला वाटत नाही. ते माझे धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणायची. घरातले बाकीचे त्यांना बारक्या म्हणायचे, आणि ते त्यांना मुळीच आवडायचं नाही.

भावजींना हत्यारी पोलीस व्हायचं होतं. तेव्हा आमच्याकडे भोर संस्थानचं राज्य होतं. पोलिसांत दोन तऱ्हा होत्या. बिनहत्यारी शिपायाच्या हातात दांडा असायचा. तो गावोगाव हिंडायचा, भांडणं सोडवायचा, आरोपीला धरून न्यायचा. हत्यारी शिपायाला बंदूक मिळायची आणि तो खजिन्यापुढे नाहीतर तुरुंगापुढे उभा असायचा. भावजी लहान असताना एकदा तांदळाच्या गाडीबरोबर भोरला गेले होते. बाकीच्या पोरांनी परत येऊन बाजार सांगितला, पेढे सांगितले, राजवाडा सांगितला. यांनी माशी सांगितली. खजिन्यापुढे बंदूक घेऊन उभ्या असलेल्या शिपायाच्या नाकावर माशी बसली, नाकावरून गालावर गेली, गालावरून मिशीत शिरली, तरी तो शिपाई हलला नाही. बस. तेव्हापासून हा मुलगा दुसऱ्या कशाच्याही कामाचा राहिला नाही. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा भावजी चांगले मिसरूड फुटलेले होते आणि मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मला चोर धरायचं न्हाईत, वैनी. धरणारं धरतील. मला निस्तं हुबं ऱ्हायाचंय."

आणि ते उभे राहात. आम्ही भात झोडायचो तेव्हा खळ्याची राखण भावजींकडे असे. कांडायचं मुसळ खांद्याला लावून, टाचा जुळवून, समोरच्या डोंगरावर नजर ठेवून ते उभे राहायचे. एकदा वरच्या धनगरवाड्यावरचा बिरू शेरडं घेऊन उतरला. शेरडं खळ्यात शिरली आणि भावजींच्या पायांमधून जाऊन भात खाऊ लागली. भावजी हलले नाहीत. शेवटी बिरूच धावत आला. "अरं, हाकल की त्येंना! तुजंच भात खात्यात!" भावजी ओठ न हलवता म्हणाले, "पहाऱ्यावरचा शिपाई जागा सोडत न्हाई. तूच हाकल." बिरूने हाकलली. आपली शेरडं दुसऱ्याच्या खळ्यात चरली आणि शिवी मिळाली नाही याचं त्याला इतकं वाटलं की तो त्या दिवसापासून भावजींचा झाला. पुढे कवाडाचा एक कोपरा त्याने उचलला तो त्याचमुळे. घरातल्यांचं मात्र डोकं फिरायचं. अंधार पडल्यावर कुणी अंगणात आलं की भावजी उंबऱ्यातून गरजायचे, "हुकूमदार! कोन हाय?" बाजारातल्या एका पेन्शनर हवालदारांकडून शिकलेली ती पहाऱ्याची हाक होती. सासूबाई डोक्यावर हंडा घेऊन यायच्या. त्या म्हणायच्या, "तुजी आय हाय, मेल्या. सर बाजूला, न्हाईतर हंडा डोक्यात घालीन." मग भावजी बाजूला सरायचे, पण टाचा जुळवून.

भरतीत छाती मोजतात, श्वास भरून एकदा आणि सोडून एकदा, हे कळल्यावर भावजींनी माझी चूल ताब्यात घेतली. फुंकणीने छाती वाढते म्हणे. रोज पहाटे मी चुलीपुढे बसायच्या आत ते बसलेले असायचे आणि असं फुंकायचे की ओलं लाकूडसुद्धा घाबरून पेटायचं. जाळ छान व्हायचा, ते मी नाकारत नाही. पण सगळी राख भाकरीवर उडायची, आणि मालक जेवताना दात करकरा वाजवत माझ्याकडे बघायचे. मी भावजींकडे बोट दाखवायची. ते उताणे होऊन दम घेत असायचे.

छातीचं काही अडलं नाही. अडलं उंचीचं. ते पेन्शनर हवालदार वेल्ह्याच्या बाजारात राहायचे. मोठ्या लढाईला जाऊन आलेले, एकटे. पलटणीचे बूट त्यांच्या पायांत बारा महिने असायचे. जेवताना असायचे, देवळात जाताना दाराशी कुरकुर व्हायची, आणि झोपतानाही असतात असं लोक म्हणत. भावजींनी त्यांना गुरू केलं. हवालदारांनी एक बांबू मागवला, आपल्या शेजारी उभा धरला आणि आपल्या डोक्याला तो जिथे लागला तिथे कोयत्याने तोडला. "म्या भरती झालो तवा अगदी काठावर पास झालतो," ते म्हणाले. "ह्या काठीएवढा भरलास तर घेतील. रवाभर कमी पडलास तर गाडी हाकलत घरी जा." भावजी ती काठी घेऊन घरी आले आणि दाराच्या चौकटीला टेकवून खूण केली. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मोजायचं काम माझ्याकडे. भावजी चौकटीला पाठ लावून उभे राहायचे, मी माझी शाळेची जुनी पाटी त्यांच्या डोक्यावर आडवी धरायची आणि पाटीखाली कोळशाची रेघ ओढायची. रेघ काठीच्या खुणेखाली यायची. फार नाही, करंगळीच्या पेराएवढी.

पण भावजी असं काही मान्य करणाऱ्यांतले नव्हते. ते सकाळी मोजायला लावत, दुपारी मोजायला लावत, दिवेलागणीला मोजायला लावत. माझी भाकर तव्यावर जळत असे आणि मी दारात पाटी धरून उभी. त्यातून त्यांनी जो शोध लावला तो खरा होता, कारण रेघा मीच ओढल्या होत्या. माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत बुटका होतो. "दिस मला खातो, वैनी," ते एकदा चौकटीकडे बघत म्हणाले. मग ते तपास करू लागले. बैलगाडीतून बाजारला जाऊन आले, मोजलं; गाडीच्या हिसक्यांनी चालण्याहून जास्त उंची गेली. पोतं उचललं, मोजलं, आणखी गेली. दोन दिवस ताप येऊन पडले होते, उठले, मोजलं. आणि काय, रेघ काठीच्या खुणेला लागली. तापात माणूस आनंदाने ओरडलेला मी तेव्हाच पाहिला. मार्ग ठरला. भरतीच्या आधी काही दिवस खाटेवर सरळ पडून राहायचं आणि तसंच आडवं भोरला जायचं. मोजायच्या दांडीखाली पहिल्यांदा उभं राहायचं.

मी साधं विचारलं. "माझं माहेर उत्रोलीचं. भोर तिथून हाकेवर. चार दिस आधी चालत जावा, तिथं पडून ऱ्हावा, भरतीदिवशी उठून जावा." भावजींनी कानांना हात लावले. "वैनी, तुमच्या म्हायरी जाऊन चार दिस खाटंवर पडायचं? लोकं काय म्हनतील?" म्हणजे भावजयीच्या माहेरी झोपायची लाज, आणि अर्ध्या मावळातून माणसांच्या खांद्यावर उताणं जायची नाही. मी भाकरी थापायला घेतल्या.

आम्ही कुणीच फार बोललो नाही, त्याला कारण होतं. भावजींचं वय भरतीच्या काठावर आलं होतं, ही शेवटचीच भरती. हुकली तर मुंबईला गोदीत जायचं हे सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि तिकडच्या गाववाल्याला निरोपही गेला होता. माझे थोरले दीर असेच गोदीत गेले होते. वर्षभराने त्यांची वळकटी आणि पितळी तांब्या घरी आला, ते आले नाहीत. म्हणून सासूबाईंनी जेव्हा ऐकलं की सरळ पडायला झोळी चालत नाही, शिडी चालत नाही, गोठ्याचं कवाडच काढावं लागेल, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "काढा. म्हशी काय उघड्यावर मरत न्हाईत."

भादव्यात निघालो. पुढे शेजारचे दोघे भाऊ, मागे मालक आणि बिरू, कवाडाखाली दोन बांबू, वर भावजी. ते घसरू नयेत म्हणून गुरांची दावी बांधली होती. वाटेत गरज लागली तर म्हणून गाठ सुरगाठ होती आणि तिचं टोक भावजींच्या हातात. मला तसंही माहेरी जायचं होतं, म्हणून भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन मी मागून चालत होते. निघताना सासूबाईंनी माणसांना अंगणात उलटं फिरवलं, कारण त्यांनी भावजींना पाय पुढे करून उचललं होतं, आणि तसं कुणाला नेतात ते सगळ्यांना माहीत आहे. डोकं पुढे करून नेलं तरी फारसा उपयोग झाला नाही. वाटेत ज्या गावावरून गेलो तिथल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. एका म्हातारीने तर विचारलं, "पोरंबाळं हायती का गं मागं?" कवाडावरून आवाज आला, "लगीनच न्हाई झालं, आज्जे." म्हातारी जास्तच रडू लागली.

खरी अडचण नदीवर आली. नदी पायी ओलांडायचा उतार ज्या गावाला होता त्याचं नाव सांगत नाही, तिथे आमची भाची दिली आहे. त्या साली खालच्या अंगाला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ चालू होती आणि गावाने ठरवलं होतं की आजारी माणूस आपल्या उतारावरून जाऊ द्यायचा नाही. त्यांचं काही चुकलं नाही. आम्हाला बघून दहाबारा गडी काठ्या घेऊन आडवे आले. त्यांचा पाटील पुढे आला. "कुठलं मानूस? काय झालंय त्येला?"

"काय न्हाई झालं," मालक म्हणाले.

"मग खांद्यावं का?"

"भरतीला न्यायचाय."

पाटलाने कवाडाकडे बघितलं. ऊन लागू नये म्हणून भावजींनी तोंडावर धोतराचा सोगा घेतला होता. "असं करा," पाटील म्हणाला, "धड असंल तर हुबा करा. हुबा ऱ्हायला की खुशाल जावा."

"हुबा ऱ्हानार न्हाई," सोग्याखालून भावजी म्हणाले.

"का रं बाबा?"

"मापाच्या आधी हुबं ऱ्हायलं तर मी बारका हुतो."

पाटील चार पावलं मागे सरला. "वात झालाय," तो आपल्या माणसांना म्हणाला. "बरळतोय."

मी पुढे झाले आणि म्हटलं की तो वात आजचा नाही, मी आल्यापासून आहे. कुणी ऐकेना. भावजींनी आपण धड आहोत हे दाखवायला माझ्याकडून भाकर आणि मिरचीचा ठेचा मागून घेतला आणि उताण्यानेच खाऊन दाखवला. त्यावर पाटलाला वाईट वाटलं. "शेवटची भूक असती ती," तो हळू आवाजात म्हणाला. "न्या माघारी, बाबांनो. घरात तरी मरंल." मालकांनी भावजींना हात जोडून सांगितलं, "बारक्या, एक डाव ऊठ. फकस्त एक डाव." भावजी म्हणाले, "दादा, एक डाव उठलो की गोदी." मालकांनी जोडलेले हात सोडले. थोरल्या भावाचा तांब्या त्यांनीच स्वतःच्या हाताने घरी आणला होता.

म्हणून आम्ही माघारी फिरल्यासारखं केलं आणि झाडीतून वर जाऊन, जिथे उतार नाही तिथे नदीत उतरलो. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. मधे पुढचा भाऊ घसरला, त्याचा बांबू सुटला, कवाड पाण्यावर आडवं पडलं. ते लाकडाचं, ते तरंगलं. पुढचे दोघे फेकले गेले ते कसेबसे दगडाला लागले. बिरू खांद्याइतक्या पाण्यात हात मारत होता. मालकांनी दावं सोडलं नाही, पण त्यांचा पाय दोन दगडांत गेला आणि धारेने त्यांना वाकवून खाली घातलं. भावजींना यातलं काही दिसत नव्हतं, त्यांना आभाळ दिसत होतं. त्यांना वाटलं, आता सगळे मिळून आपल्याला उभं करणार. म्हणून ते मला ओरडून सांगत होते. मी काठावरून ओरडले, "भावजी, त्ये पाण्याखाली हायेत! तुमचं दादा!"

त्यांनी मान वळवली. दाव्यावर फक्त भावाची मूठ दिसत होती. त्यांनी सुरगाठ ओढली आणि उभे राहिले.

पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं. एका हाताने त्यांनी मालकांचे केस धरले, दुसरा हात काखेत घातला आणि तोंड पाण्याबाहेर काढलं. आता मुळीच हलायचं नव्हतं, कारण पाय अडकलेला. ओढलं असतं तर मालक पुन्हा खाली गेले असते, सोडलं असतं तर गेलेच असते. बिरू बुडी मारून आपल्या काठीने दगड उचकटत होता, वर येत होता, पुन्हा जात होता. फांद्या येऊन भावजींच्या पाठीवर आपटत होत्या. ते समोरच्या डोंगराकडे बघत टाचा रोवून उभे होते. त्यांचं ते उभं राहणं आमच्या घरात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होतं. मीही पुष्कळ हसले होते. त्या वेळी त्या नदीत दुसरा कुणी एवढा वेळ तसा उभा राहिला असता असं मला वाटत नाही.

दगड सुटला. मालकांचा घोटा मोडला होता. कवाड खाली वळणावर अडकलं होतं ते बिरूने आणलं आणि आता त्यावर मालकांना निजवलं. पुढचा उजवा कोपरा भावजींनी उचलला. आता ते उभे होते, म्हणून पाटलाने आम्हाला उतारावरून जाऊ दिलं. कापूरहोळला रात्र काढली ती भावजींनी भावाचा पाय मांडीवर घेऊन बसून काढली, पाठ टेकली नाही. मालक कण्हत म्हणाले, "अरं पड जरा, उंची जाईल." भावजी म्हणाले, "गेली ती." सकाळी पुन्हा कवाड खांद्यावर, थेट भोरच्या दवाखान्यापर्यंत. मी हिशेब मांडला होता: चालणं, ओझं, जागरण. चौकटीवर रेघ ओढली असती तर कडीच्या आसपास आली असती.

डॉक्टरांनी मालकांना आत घेतलं, आणि मीच भावजींना म्हटलं, "आलात तर जाऊन तर या." मैदानाच्या कडेला झाडाखाली मी आणि बिरू उभे राहिलो. भावजींची पाळी आली. ते दांडीखाली उभे राहिले, जमादाराने वरची पट्टी खाली केली, बघितलं, म्हणाला, "पास. फुडं सर."

भावजी सरले नाहीत. "सरकार, पुन्यांदा मोजा."

"का रं?"

"काय तरी चुकतंय. म्या आज इतका न्हाई."

भरतीत असं सांगणारा जमादाराला पहिलाच भेटला असावा. त्याने पुन्हा मोजलं. पास, आणि वर थोडं शिल्लकच. मग छाती फुगवायला सांगितली. ती चुलीने तयार केलेलीच होती.

मग चुकलं कुठे? ते सासूबाईंनी शोधलं. मालकांना माझ्या भावाने उत्रोलीला ठेवून घेतलं होतं आणि मी गुरांसाठी घरी परतले होते. बाजारच्या दिवशी सासूबाई ती काठी घेऊन हवालदारांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "बूट काढा." ते नको नको म्हणत होते. त्यांनी काढायला लावलेच. काठी शेजारी उभी केली. हवालदार काठीपेक्षा दोन बोटं कमी भरले. त्यांनी काठी तोडली होती ती बुटांसकट उभं राहून. भावजी पहिल्या दिवसापासून, सकाळ असो की संध्याकाळ, पुरेसे उंच होते. हवालदार आपल्या उघड्या पायांकडे बघत म्हणाले, "बूट काढलं की मापाला कमी पडंन म्हनून म्या बी मग उगाच भीत हुतो की." हे मालकांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. मी हसले नाही. त्यांचा घोटा जुळला तो वाकडा जुळला, आणि तो जन्मभर तसाच राहिला.

भावजी हत्यारी झाले. एकदा मी उत्रोलीहून भाकरी-कालवण घेऊन खजिन्यावर गेले. ते बंदूक घेऊन उभे होते. मी म्हटलं, "भावजी, तुमच्यासाठी तांदळाची भाकर आणलीय." पापणी हलली नाही. घरचं सांगितलं, म्हैस व्यायली ते सांगितलं. नाही. पहारा बदलेपर्यंत मी समोरच्या पायरीवर बसून राहिले. सुटल्यावर ते आले आणि पहिलं काय विचारावं? "रेडा हाय का पारडी?"

मालकांना चिखलात उभं राहता येत नसे, आणि भाताची लावणी चिखलातच होते. भावजी दर पावसाळ्यात रजा घेऊन यायचे. खाकी घडी करून फळीवर ठेवायचे आणि गुडघाभर चिखलात बैलांमागे चालायचे. त्यांचे सोबती रजेत सासुरवाडीला जायचे, जत्रेला जायचे. संस्थान गेलं, बदलीची गावं लांब झाली, तरी ते यायचे. कशाबद्दल येतात ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मालकांनी विचारलं नाही. दोघे संध्याकाळी बांधावर बसून तंबाखू मळायचे आणि पाण्याने भरलेल्या खाचराकडे बघायचे. मी हाक मारली तरी लवकर उठायचे नाहीत.

भावजी पेन्शनीत आल्यावर गेले, मालक त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी. बिरूही गेला, त्याची बायको अजून आहे. नदीने कुणाला नेलं नाही. त्या दिवशी धारेत पाच जण सापडले होते, पाचही बाहेर आले.